‘वरून आलं नाही’ म्हणजे नेमकं कुठून? सरकारी दवाखाना आणि जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी दवाखान्यात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन: ‘वरून आलं नाही.’ इंजेक्शन वरून आलं नाही, डॉक्टर वरून दिला नाही, निधी वरून पडला नाही. पावसाबद्दल बोलावं तसं लोक हे बोलतात. पण पावसाच्या ‘वर’ आभाळ असतं, दवाखान्याच्या ‘वर’ खुर्च्या असतात. त्या कुठल्या आणि तिथवर पोचायचं कसं, हे लोक एसटी स्टँडवर, वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर, ग्रामसभेत विचारत असतात. ते प्रश्न आणि त्यांची मला देता येतील तशी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

दवाखाना चालवणं ही सरकारची जबाबदारी आहे, असं कुठे लिहिलंय का? की ती मेहेरबानी?

लिहिलंय, आणि एकाच जागी नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीतल्या सहाव्या नोंदीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखाने हे विषय येतात. म्हणजे प्रश्न आधी मंत्रालयाला विचारायचा, दिल्लीला नंतर. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानतो. तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये असल्यामुळे नुसत्या त्याच्या बळावर कोर्टाचं दार ठोठावता येत नाही. ते दार उघडलं अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काने.

१९९२ मध्ये पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार लागला. कोलकात्यातली एकामागून एक सरकारी रुग्णालयं ‘खाट रिकामी नाही’, ‘तशी सोय नाही’ म्हणत त्याला पुढे पाठवत राहिली. अखेर खासगी दवाखान्यात त्याचे सुमारे १७ हजार रुपये गेले. त्याच्या संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९६ साली न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई दिली आणि वेळेवर उपचार न देणं म्हणजे जीविताच्या हक्काचा भंग, असं म्हटलं. तिजोरीत पैसा नाही, ही सबब इथे चालणार नाही, हेही सांगितलं. ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’ या नावाने हा निकाल ओळखला जातो. तक्रारीत त्याचा उल्लेख केला की वाचणारा अधिकारी निदान चष्मा तरी लावतो.

बरं, मग आमच्या दवाखान्याचा धनी कोण?

इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. बाहेरून सगळं ‘सरकारी’ दिसतं, पण महाराष्ट्रात एकमेकींना फारशा न जोडलेल्या अनेक शिड्या आहेत.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपली पीएचसी, जिल्हा परिषदेकडे असते. तिथला वैद्यकीय अधिकारी, त्याच्यावर तालुका आरोग्य अधिकारी, त्याच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी आणि सगळ्यांवर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि ‘सिव्हिल’, म्हणजे जिल्हा रुग्णालय, मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. ही शिडी आरोग्य उपसंचालकांमार्फत थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला जाऊन भिडते. सिव्हिलच्या जागी सरकारी मेडिकल कॉलेज आलं असेल, तर तिथे अधिष्ठाता, म्हणजे डीन, बसतात आणि त्यांचं खातं निराळं: वैद्यकीय शिक्षण. महापालिकेच्या रुग्णालयाची जबाबदारी महापालिका आयुक्तांवर. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, ते ठाणे महापालिकेचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडला २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. ते सरकारी मेडिकल कॉलेजचं. दोन बातम्या एकसारख्या, पण उत्तर देणारी खाती वेगवेगळी.

याचा फायदा कुणाला होतो, ते सांगायला नको. पीएचसीतून ‘रेफर’ केलेला रुग्ण वाटेत दगावला की जिल्हा परिषद म्हणते, ‘आम्ही वेळेत पाठवला’, आणि सिव्हिल म्हणतं, ‘आमच्याकडे उशिरा आला.’ दोन्ही कागदांवर सगळं बरोबर असतं. म्हणून तक्रार करताना अंगणातल्या पाटीवर वर कुणाचं नाव आहे, ते आधी वाचा. जिल्हा परिषद, सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण की महापालिका? चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज ‘आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही करावी’ असा शेरा घेऊन महिनाभर फिरत राहतो.

डॉक्टरांनी औषध बाहेरून आणायला चिठ्ठी दिली. सरकारी दवाखान्यात हे चालतं का?

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरसुद्धा. हा निर्णय मेडिकल कॉलेजं आणि महापालिकांच्या रुग्णालयांना लागू नाही, हे मात्र लक्षात ठेवा. उपचार मोफत आणि औषध बाहेरून, म्हणजे जेवण फुकट पण धान्य घरून.

पण खिडकीवरच्या फार्मासिस्टशी भांडून हाती काही लागत नाही. औषध त्याने खाल्लेलं नसतं. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे औषध संपतंय, याचं मागणीपत्र कधी गेलं, कुणाला गेलं आणि त्याचं काय झालं?

आमच्या शेजारच्या काकूंना भाताच्या खाचरात साप चावला. पीएचसीत लस नव्हती. पुढच्या ग्रामीण रुग्णालयात एकच कुपी होती. सिव्हिलला पोचेपर्यंत तीन तास गेले. काकू वाचल्या, पण पायाचा घोटा अजून दुखतो. गावकरी पीएचसीच्या डॉक्टरवर चिडले होते. तो वर्षभरापूर्वीच पास झालेला पोरगा, बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेसाठी आलेला. मी माहिती अधिकारात मागणीपत्रांच्या प्रती मागवल्या. त्या पोराने दोन महिन्यांत तीनदा लस मागितली होती, तिन्ही वेळा जावक क्रमांकासह. लस जिल्हा औषध भांडारात पडून होती. तालुक्यापर्यंत आणायला गाडी होती, तिला चालक नव्हता. ‘वर’ म्हणतात तो इतका जवळ होता.

प्रत्येक वेळी असंच निघेल असं नाही. कधी मागणीच गेलेली नसते, आणि मग दोष खालचा. कधी जिल्ह्याने मागणी केलेली असते आणि राज्याची खरेदी अडकलेली असते. २०१७ पासून औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे होती. त्या काळातल्या विलंबाच्या कहाण्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. २०२३ मध्ये त्यासाठी कायदा करून वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण नेमलं गेलं. तमिळनाडूने याच कामासाठी १९९४ मध्येच महामंडळ काढलं होतं, म्हणजे आपण तीसेक वर्षं मागे. तर मागणीपत्राचा माग काढत वर चढायचं. ज्या टेबलावर कागद थांबला, तिथे आपलं ‘वर’ सापडतं.

हे कागद सामान्य माणसाला मिळतात का?

मिळतात. माहिती अधिकाराचा अर्ज, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही माफ. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, आणि हे बंधन वरदान समजा. ‘लस का नव्हती?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर द्यायला जनमाहिती अधिकारी बांधील नाही, त्याच्याकडे असलेला कागद द्यायला बांधील आहे. म्हणून असं लिहा: ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत प्रतिसर्पदंश लसीच्या साठा नोंदवहीच्या पानांच्या, तसेच वरिष्ठ कार्यालयास पाठवलेल्या मागणीपत्रांच्या जावक क्रमांकासह प्रती द्याव्यात.’

उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताशी संबंधित माहिती असेल तर ४८ तास, पण तसं अर्जात स्पष्ट लिहा आणि कारण द्या. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडची रांग फार लांब आहे, म्हणून पहिल्या अपिलातच जीव ओता.

स्वतःच्या रुग्णाचे कागद हवे असतील तर माहिती अधिकाराचीही गरज नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यायचे असतात. लेखी मागा आणि पोच घ्या. एक वेळ अर्ज साधा असला तरी चालेल, पण त्याच्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि सही पाहिजे.

डॉक्टरच नाही, त्याचं काय? दर बुधवारी एक येतो.

दारावर तक्ता असतो, त्यात मंजूर पदं आणि भरलेली पदं लिहिलेली असतात. नसेल तर तीही मागायची माहिती. मंजूर दोन, भरलेली दोन आणि प्रत्यक्षात एकही नाही, असं दिसलं तर ‘डेप्युटेशन’ हा शब्द शोधा. आपल्या पीएचसीचा डॉक्टर कागदावर इथे असतो आणि काम जिल्ह्याच्या गावी करतो. त्याला तिथे कुणी पाठवलं, त्या आदेशाची प्रत मागा. त्यावर सही असते.

पदच रिकामं असेल तर प्रश्न भरतीचा, आणि तो राज्याचा. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे, असा बाँड महाराष्ट्रात आहे. तरी आडवळणाची केंद्रं रिकामी राहतात, कारण तिथे राहायला खोली नसते, खोलीला पाणी नसतं आणि पगार महिनोन्‌महिने थकतो. डॉक्टर गावात राहत नाही म्हणून संतापणाऱ्या ग्रामसभेने एकदा त्या क्वार्टरचं छप्पर बघून यावं. दुरुस्तीचा प्रस्ताव कुठे पडलाय, हाही मागणीपत्राचाच प्रकार.

साधारण ३० हजार लोकसंख्येला, आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजारांना एक पीएचसी असावी, असा राष्ट्रीय निकष आहे. उपकेंद्रासाठी हाच हिशेब ५ हजार आणि ३ हजार. आपल्याकडे किती लोकांमागे एक आहे, हे मोजायला गावातला दहावीचा मुलगाही पुरतो.

बाळंतपणाला पैसे मागितले. द्यायचे का?

नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियनसुद्धा, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, तिथलं जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सगळं मोफत. गाडीसाठी १०२, तातडीच्या प्रसंगी १०८. डिझेलला पैसे मागणाऱ्या चालकाचा गाडी क्रमांक लिहून घ्या. ‘चहापाण्याचं’ म्हणून मुलगा झाल्यावर जास्त आणि मुलगी झाल्यावर कमी मागणारे वॉर्डबॉय अजून आहेत, यावर मी काही बोलत नाही.

तक्रार नेमकी कुठे करायची? ‘आपले सरकार’ या सरकारी पोर्टलवर केली तर होतं काही?

आधी दवाखान्याच्या प्रमुखाकडे लेखी, मग त्याच शिडीवरच्या पुढच्या अधिकाऱ्याकडे, मग पोर्टलवर. हा क्रम पाळला की ‘आमच्याकडे तक्रारच आली नाही’ म्हणायची सोय राहत नाही. १०४ या क्रमांकावरही नोंद होते. पोर्टलवरच्या तक्रारीला उत्तर येतं, बहुतेकदा ‘प्रकरण निकाली’ असं. निकाली म्हणजे आपल्या दृष्टीने नव्हे, त्यांच्या यादीच्या दृष्टीने. तेवढ्याने थांबू नका.

लोकसेवा हक्क कायद्याबद्दलही लोक विचारतात. २०१५ च्या या कायद्यात मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण तो अधिसूचित सेवांपुरता, म्हणजे दाखले, नोंदण्या, प्रमाणपत्रं. उपचार त्यात बसत नाहीत. जन्माच्या दाखल्याला मुदत आहे, जन्म सुखरूप व्हावा याला नाही.

जीव गेला असेल किंवा जाणूनबुजून हाकललं असेल, तर राज्य मानवी हक्क आयोग आहे. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत जा.

सरकारी दवाखान्यावर ग्राहक आयोगात, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात, जाता येतं का?

१९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, जिथे सगळ्यांनाच सगळं मोफत, तिथे नाही. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत देतात, तिथे मोफतवालेही ग्राहक ठरतात. गंमत अशी की उपचार पूर्ण मोफत झाले, आणि त्याबरोबर हा एक रस्ता आखडला. उच्च न्यायालय आणि दिवाणी न्यायालय हे रस्ते आहेत, पण ते पायी जाण्याजोगे नाहीत.

मोठी दुर्घटना झाली की लगेच निलंबन होतं. मग जबाबदारी निश्चित झालीच की?

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले आणि परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या सिव्हिलमध्ये अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण गेले. तिथेही निलंबनं झाली आणि अटक झाली ती एका तरुण महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. दहा महिन्यांच्या अंतराने दोन सिव्हिल जळतात, तेव्हा प्रश्न त्या रात्री ड्युटीवर कोण होतं एवढाच उरत नाही. आगप्रतिबंधक यंत्रणा बसवायचा प्रस्ताव कधी गेला, निधी कुणी अडवला, वायरिंग तपासून सही कुणी केली? त्या सह्या करणारे लोक सहसा वॉर्डात नसतात, म्हणून त्यांना अटकही होत नाही.

नांदेडला तर एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावलं. चित्रफीत राज्यभर फिरली. सफाई कामगारांची किती पदं रिकामी होती, हा प्रश्न त्या चित्रफितीत कुणी विचारला नाही. तो विचारला मुंबई उच्च न्यायालयाने. स्वतःहून दखल घेऊन न्यायालयाने रिक्त पदं, औषधखरेदी आणि आरोग्यावरची तरतूद यांचा हिशेब सरकारकडे मागितला. खासगी दवाखाने शेवटच्या घटकेला रुग्ण पाठवतात, हा सरकारचा खुलासा होता. तो खोटा नाही. पण शेवटच्या घटकेचा रुग्ण सरकारी दवाखान्यातच येणार, हे ठाऊक असतानाही खाटा, नर्स आणि इन्क्युबेटर वाढवले नाहीत, तर ते कुणाच्या खात्यावर मांडायचं?

रागाच्या भरात डॉक्टरवर हात उगारला तर?

२०१० च्या कायद्यानुसार अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि मागणीपत्र राहतं बाजूला.

सरकारकडे पैसाच नसेल तर?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा ८ टक्क्यांहून जास्त भाग आरोग्याला द्यावा, असंही त्यात आहे. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली राहिला. शिवाय जे मिळतं तेही मार्चअखेर घाईने संपतं किंवा परत जातं.

याचा हिशेब कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचं कार्यालय, तपासतं. आरोग्य यंत्रणेवरचे त्याचे अहवाल विधिमंडळात मांडले जातात, अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे चर्चेला वेळच नको. पुढे ते लोकलेखा समितीकडे जातात आणि तिथे खात्याच्या सचिवांना साक्षीला बसावं लागतं. आपल्या आमदारांना विचारा: या अहवालावर तुम्ही कोणता प्रश्न लावला होता? हातपंप आणि सभामंडप मागणाऱ्यांच्या गर्दीत हा प्रश्न त्यांना नवा वाटेल.

जिल्ह्यातला पैसा जिल्हा नियोजन समितीत वाटला जातो, पालकमंत्री अध्यक्ष असतात. रुग्णवाहिका आणि सोनोग्राफी यंत्रं तिथून येतात. यंत्र येतं, उद्‌घाटन होतं, ते चालवणारा रेडिओलॉजिस्ट कुणी मागितलेला नसतो.

विम्याची योजना आहेच. मग सरकारी दवाखान्याच्या मागे का लागायचं?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लोकांना उपयोग होतो, अडल्यावर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला जरूर भेटा. पण ती योजना शस्त्रक्रिया आणि भरतीच्या उपचारांची. तापाची गोळी, बीपीची महिन्याची औषधं, कुत्रा चावल्यावरचं इंजेक्शन आणि रात्री दोनची प्रसूती तालुक्याच्या दवाखान्यातच होते.

राजस्थानसारखा आरोग्य हक्काचा कायदा आपल्याकडे का नाही?

राजस्थानने २०२३ मध्ये तो केला, खासगी डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं, आणि कायदा झाल्यावर त्याचे नियम रखडले. नियमांवाचून कायदा म्हणजे बैलाविना औत. महाराष्ट्रात मागणी जुनी आहे, कायदा नाही.

एकट्याने हे सगळं कोण करणार?

एकट्याने करूच नका. २००७ पासून महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या चौकटीतच. गावातले लोक उपकेंद्राला आणि पीएचसीला हिरवा, पिवळा, लाल असे शेरे द्यायचे. नर्स येते का, लसीकरण होतं का, पैसे मागतात का? तो तक्ता घेऊन जनसुनवाई भरायची, अधिकारी एका बाजूला आणि लोक समोर. ‘बघतो’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला ‘कधी बघता, तारीख सांगा’ असं एखादी आजी विचारायची आणि तारीख इतिवृत्तात जायची. पुढच्या सुनवाईत पहिला विषय तोच.

ते काम सगळीकडे टिकलं नाही. पण त्यासाठी लागणाऱ्या समित्या कागदावर प्रत्येक गावात आहेत: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, आणि दवाखान्याची रुग्ण कल्याण समिती. दोन्हींचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे, हे ग्रामसभेत विचारा. कित्येकदा सदस्यालाच ठाऊक नसतं की तो सदस्य आहे. वरच्या पायरीवरही तीच कथा. २०२२ नंतर कितीतरी काळ जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. आरोग्य समितीत जाब विचारायला निवडून आलेलं माणूसच नव्हतं.

तक्रार केली तर सिस्टर आमच्यावर राग काढतील का? पुन्हा तिथेच जायचंय.

ही भीती खरी आहे, आणि लोक गप्प बसतात ते यामुळेच. म्हणून अर्जात सिस्टरचं नाव घालू नका, जोवर तिने पैसे मागितलेले नाहीत किंवा हाकललेलं नाही. विषय लिहा: ‘अमुक औषधाचा अखंड पुरवठा न होणेबाबत.’ पंधरा-वीस जणांच्या सह्या घ्या. आणि अर्ज टाकण्याआधी तो सिस्टरलाच दाखवा. आमच्या इथे एकदा तिने तो वाचला, पेन मागून घेतलं आणि खाली आणखी तीन औषधांची नावं लिहून दिली.